डाव्या सीटवरचे श्वास

यंत्राची वायर गाडीला लावायची, हिरवा दिवा लागला की चार मिनिटं थांबायचं, मग कागद फाडून हातात द्यायचा. फैयाज परकारचं काम एवढंच. त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला त्याने पिस्ता रंगाच्या एका जुन्या पेट्रोल गाडीला वायर लावली आणि दिवा लागला नाही.

"परत?" परकार म्हणाला.

"परत म्हणजे? बंद आहे की काय?" स्टिअरिंगमागून पोस्टबाईंनी विचारलं. आवाजात काळजी होती, पण काळजी वाटायला माणसाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या जरा आधीच ती आली होती.

पोस्टबाई म्हणजे इंदुमती रेडीज. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं टपालखात्यात काढून सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचं पोस्ट बंद होऊनही आता सहा वर्षं झाली होती. टपाल हल्ली उडत्या यंत्रातून थेट गच्चीवर उतरायचं. पण चिपळुणात त्यांना अजून सगळे पोस्टबाईच म्हणत. ज्यांनी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नव्हतं, तेसुद्धा.

परकारचं धूरतपासणी केंद्र खेर्डीच्या पुढे, कराड रस्त्याला. एक पत्र्याची शेड, एक बाक, एक यंत्र. पूर्वी तपासणी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी खुपसायची. आता गाडीलाच विचारतात. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर सोळा टाचण्यांची एक खाच असते. सरकारी कागदात तिचं नाव निदानद्वार, गॅरेजवाल्यांच्या तोंडी नाडी. नाडीला यंत्र लावलं की गाडी सहा महिन्यांचं सगळं सांगून टाकते: किती चालली, किती धूर सोडला, आणि आत किती माणसं होती.

ही शेवटची गोष्ट दरडोई धुराच्या कायद्यानंतर आली. गाडीतून निघालेला धूर, म्हणजे खरं तर कर्बवायू, आत बसलेल्या माणसांत वाटायचा. सहा महिन्यांत माणशी दीडशे किलोच्या आत राहिलात तर पास, नाहीतर गाडी भंगारात. चौघं बसून गेलात तर धुराचे वाटेकरी चार. एकटे गेलात तर सगळा धूर तुमचा. कायदा आला त्या वर्षी लोकांनी डाव्या सीटवर तांदळाची पोती ठेवून पट्टा लावला. एका घराने शाडूच्या गणपतीला सहा महिने शेजारी बसवून फिरवलं. मग सीटमध्ये श्वासमापक आले, छातीचा भाता हलतो की नाही ते मोजणारे, आणि पोती परत कोठारात गेली. त्यानंतर म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचे दिवस आले. ज्यांना दहा वर्षांत कुणी बाजारात नेलं नव्हतं, ते तपासणीच्या आधी महिनाभर रोज गाडीत दिसत. तपासणी झाली की परत ओटीवर. परकार हे सगळं नाडीतून वाचायचा आणि मनात एकेका घराच्या नावापुढे टिपून ठेवायचा. माणूस तोंडाने काय सांगतो आणि गाडी काय सांगते, यातल्या फरकावर त्याचा चांगला वेळ जायचा.

वेळ भरपूर होता. बायको आखातात, दोह्याला मुलीच्या बाळंतपणासाठी गेली, ती दुसऱ्या बाळंतपणाची वाट बघत तिथेच राहिली. गोवळकोटच्या घरात तो, टीव्ही, आणि टीव्हीवर न चालणारे तीन चॅनल.

"फ्यूज बघा," पोस्टबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, हवेचं काहीतरी."

"दमट हवा."

"तेच. हवा काही बदललेली नाही."

नाडी बंद असली तर नियमात सोय होती. सहचाचणी. तपासनीसाने डाव्या सीटवर बसायचं, मागे नळी लावायची, घाटाच्या दिशेने अकरा किलोमीटर जायचं आणि परत यायचं. मध्ये पिंपळीच्या कालव्यापाशी पाच मिनिटं इंजिन उभ्याने चालू ठेवायचं. त्या बावीस किलोमीटरच्या धुरावरून सहा महिन्यांचा अंदाज बांधायचा. परिपत्रक लिहिणारा एक गोष्ट विसरला होता: तपासनीस स्वतःही श्वास घेतो. त्यामुळे सहचाचणीत गाडीतली माणसं दोन धरली जात, धूर निम्मा होई आणि गाडी हमखास पास.

परकारच्या हिशेबात हे केव्हाच बसलं होतं. एकटी माणसं धूर लपवायला नाडी बंद पाडत असणार. वर्षभरात अशा चौदा गाड्या. तो काही बोलला नव्हता. प्रत्येक वेळी टाचण्यांवर टॉर्च मारायचा, कारणाच्या खान्यात 'गंज, दमट हवा' लिहायचा आणि डावं दार उघडून आत बसायचा.

आज मात्र तसं करता येणार नव्हतं. आदल्या दिवशी वरच्या कचेरीतून संदेश आला होता: आपल्या केंद्रावर नाडी बंद असण्याचं प्रमाण इतरांच्या सातपट आहे. यापुढे प्रत्येक बंद नाडी मुळापर्यंत उघडावी, कारण छायाचित्रासह नोंदवावं. छेडछाड आढळल्यास गाडी जागच्या जागी सील करावी. न केल्यास केंद्राचा परवाना रद्द.

त्याने तो संदेश पोस्टबाईंना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग उघडा," त्या म्हणाल्या. "कायद्याने उघडायचं तर उघडायचं."

"पोस्टबाई, गाडी सील झाली तर?"

"तर चालत जाईन. पाय आहेत."

पोस्टबाईंचं घर डोंगराच्या अंगाला, रस्त्यापासून तीन किलोमीटर वर. दोन्ही गुडघे बदललेले. परकारला ते माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्या उतरून बाकावर बसल्या. मांडीवर डब्याची पिशवी.

परकारने यंत्राची वायर आणखी दोनदा लावून बघितली. तीनदा 'संपर्क नाही' आलं की यंत्र ते स्वतःहून वर कळवतं. कळवलं. आता मागे फिरणं नव्हतं.

तो उताणा होऊन स्टिअरिंगखाली शिरला. आधी फ्यूज. शाबूत. मग टाचण्या. सोळाच्या सोळा चकचकीत, दमट हवेचा मागमूस नाही. मग मीटर लावून वीज येते का बघितलं. बारा व्होल्ट, पुरेपूर.

"वीज येतेय," तो खालून म्हणाला. "तरी यंत्र जागं होत नाही."

"असं कसं?"

"येण्याची वाट आहे, जाण्याची नाही. विजेला परत जायला वाट लागते. ती अर्थची वायर असते, गाडीच्या अंगाला बोल्टने आवळलेली. ती तुटली तर आलेली वीज जागीच उभी राहते."

काळी वायर नाडीपासून निघून डाव्या बाजूला, पायाखालच्या रबरी मॅटमागे जात होती. परकारने रबर उचकटलं. बोल्ट होता. वायर होती. आवळलेलीही होती, नव्यासारखी. पण वायरीचं कडं आणि गाडीचा पत्रा यांच्या मध्ये काहीतरी पांढुरकं होतं. त्याने पाना लावला. कागदाची चकती निघाली. कड्याच्या वरूनही एक चकती, आणि बोल्टच्या आट्यांभोवती कागदाची बारीक पट्टी, तीन वेढे, डिंकाने चिकटवलेली. कुठूनही लोखंडाला लोखंड लागत नव्हतं. वायर बोल्टात होती आणि कशालाच जोडलेली नव्हती.

इतकं नेटकं काम त्याने गॅरेजात कधी पाहिलं नव्हतं. चकती उजेडात धरली. जुन्या रजिस्टर पत्राची चिठ्ठी कात्रीने गोल कापलेली. एका कडेला 'रजि' आणि चार आकडे.

तो बाहेर आला, हात पुसले, आणि चकती तळहातावर ठेवून त्यांच्यासमोर धरली. पोस्टबाईंनी ती निरखून बघितली, जणू पत्ता नीट लागत नाही.

"आट्यांना पण गुंडाळलंत," परकार म्हणाला.

"नुसत्या चकतीने भागत नाही. पहिल्यांदा तेच चुकलं होतं माझं." त्यांनी बोटाने चकती उलटवली. "चौतीस वर्षं पार्सलं बांधलीत. एका बाजूने बांधलं की सुटतं."

"सहा महिन्यांत एवढं कुठे फिरलात, की लपवायची वेळ आली?"

"लावा वायर. गाडीच सांगेल."

त्याने चकत्या काढून बोल्ट आवळला, यंत्राची वायर लावली. हिरवा दिवा लगेच लागला. चार मिनिटं थांबायचं होतं. रस्त्यावरून विजेवरचा एक ट्रक गेला, आवाज न करता. मग पडद्यावर आकडे आले.

सहा महिन्यांत दोनशे बारा किलोमीटर. धूर अठ्ठावीस किलो.

परकारने आकडा परत वाचला. मर्यादा दीडशे. त्या पाचव्या हिश्श्यालाही पोचल्या नव्हत्या. एकट्याने, सगळा धूर स्वतःच्या नावावर घेऊन, चकत्यांशिवाय आरामात पास झाल्या असत्या. गेल्या खेपेलाही. त्याच्या आधीच्या खेपेलाही.

"पोस्टबाई, तुम्ही तर पास आहात."

"ठाऊक आहे मला. गुणाकार येतो."

"मग हे कशाला?"

त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. परकारची नजर पडद्यावर खाली गेली. खाली श्वासमापकाची नोंद होती, मापक बसवल्यापासूनची. उजवी सीट: फेऱ्या चारशे एकोणनव्वद. डावी सीट: फेऱ्या दोन. त्या दोन्ही फेऱ्यांच्या तारखा होत्या, अंतर होतं, प्रत्येकी बावीस किलोमीटर. श्वास मिनिटाला सतरा.

त्या तारखा त्याच्या ओळखीच्या होत्या. तो सतरा श्वासवाला परकार स्वतःच होता.

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"मागच्या खेपेला पिंपळीला घावणे खाल्लेत," पोस्टबाई म्हणाल्या. "तीन. नारळाची चटणी जास्त मागितलीत. मुलीचा फोन येतो तेव्हा पडदा पार तोंडाशी धरून बोलता, म्हणजे मागचं रिकामं घर दिसू नये, असं सांगितलंत. मी कुणाला बोलले नाही."

"पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं असतं तिथे."

"पाच मिनिटं लिहिलंय. आपण पाऊण तास बसलो होतो."

परकारला ते आठवत होतं. कागदावर त्याने पाचच लिहिली होती.

"अहो, पण बोलायला माणूस हवं तर सरळ..." तो अडखळला. "म्हणजे, आणखी लोक आहेत. खेर्डीतले कापडणे मास्तर. त्यांचीही नाडी बंद असते. त्या दाभोळकर सिस्टर. सावर्ड्याचे..."

"मास्तरांची चकती मी करून दिली आहे."

"काय?"

"सगळ्यांच्या मीच केल्यात. पाकिटात घालून पाठवल्या, बोल्ट कुठे असतो त्याच्या चित्रासकट. पत्ते अजून पाठ आहेत मला. इथल्या बाकावर नंबराची वाट बघताना ओळखी झाल्या होत्या, मी फक्त कुणाकुणाला विचारलं, तुम्हालाही बावीस किलोमीटर हवेत का." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "मास्तरांची गाडी वेगळ्या कंपनीची, त्यांचं कडं मोठं आहे. दोनदा पाठवावी लागली."

परकारला हसू येणार होतं, ते मध्येच राहिलं. "म्हणजे तुम्ही एकमेकांना चकत्या पाठवता. उडत्या टपालाने. मास्तरांचं घर तुमच्या घरापासून किती लांब?"

"पावणेदोन किलोमीटर."

"आणि कधी गेला नाहीत."

"काय म्हणून जायचं?" त्यांनी हा प्रश्न खरोखर विचारला, उत्तर हवं असल्यासारखा. "पूर्वी माणूस दारात यायचा तर काहीतरी घेऊन यायचा. मनिऑर्डर, तार, निदान चुकलेलं पाकीट. मी बोलावलं तर मास्तर विचारतील, काय काम होतं? ते आले तर मी विचारीन. सगळं घरपोच मिळतं आता, कुणाचं कुणाकडे काम उरलेलं नाही. तुमच्याकडे यायला कागद लागतो. कागद असला की बरं वाटतं. आपण होऊन गेलो असं होत नाही."

"दुसऱ्या केंद्रावरही कागदच लागतो."

"तिथला माणूस कानात यंत्र घालून बसतो. बावीस किलोमीटर मान हलवतो, आपल्यासाठी नव्हे, गाण्यासाठी." मग त्या हलकेच म्हणाल्या, "परकार, मला एक सांगा. वर्षभरात चौदा गाड्या आल्या. तुम्ही चांगले कारागीर. टाचण्यांच्या मागे कधी बघितलं नाहीत?"

परकारने पाना खिशात घातला, मग बाहेर काढला. "दमट हवा असते कोकणात," तो म्हणाला.

"असते," पोस्टबाई म्हणाल्या.

यंत्र आवाज करू लागलं. कारण नोंदवा. पडद्यावर पाच खाने होते: गंज, उंदीर, फ्यूज, छेडछाड, इतर. पहिल्या तीन खान्यांपैकी लोकांनी जिल्ह्यातल्या उंदरांवर इतका भार टाकला होता की खरे उंदीर लाजले असते. परकारने 'उंदीर'वर बोट नेलं.

"छायाचित्र लागेल ना?" पोस्टबाई म्हणाल्या. "चकतीवर रजिस्टरचा नंबर आहे. इतका सुशिक्षित उंदीर कुणी मान्य करायचं नाही. छेडछाड लिहा. परवाना तुमचा जायला नको."

"आणि गाडी?"

"सांगितलं ना. पाय आहेत."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की परकारला त्या तीन किलोमीटरच्या चढावर त्या दिसल्या, हातात पिशवी, दर वळणावर दगडावर टेकलेल्या. आणि दुसरंही दिसलं: त्या वर पोचल्यावर पुढचे सहा महिने खाली यायचं काही कारण उरणार नाही.

त्याने चकतीचं छायाचित्र काढलं, नंबर स्पष्ट दिसेल असं. 'इतर'चा खाना उघडला आणि लिहिलं: नाडी चालकाने स्वतः बंद केली. धूर मर्यादेच्या खूप आत. लपवण्यासारखं काही नव्हतं. चालकास सहचाचणीची सोबत हवी होती.

मग थोडा वेळ थांबून आणखी एक ओळ घातली: तपासनीसाने आधीच्या खेपांना मुळापर्यंत बघितलं नाही, कारण त्यालाही हवी होती.

"काय लिहिलंत?"

त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. पोस्टबाईंनी दोन्ही ओळी वाचल्या. दुसरी दोनदा.

"हे खात्याच्या भाषेत नाही," त्या म्हणाल्या.

"खात्याच्या भाषेत याला खाना नाही."

त्याने पाठवलं. मिनिटभर काही झालं नाही. मग यंत्राने कागद बाहेर टाकला: पास. सहा महिने वैध. परकारने तो फाडून दिला. पोस्टबाईंनी घडी घातली.

"नाडी आता चांगली आहे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी चार मिनिटांत सुटाल."

"हो," पोस्टबाई म्हणाल्या. डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवावा आणि आपण मान हलवावी, तशा.

त्या उठायला लागल्या, तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. परकारने वाचलं आणि त्यांना थांबायला सांगितलं.

आपली नोंद ठरलेल्या प्रकारांत बसत नाही. या कारणाने नाडी बंद केलेल्या एकूण व्यक्ती किती? आकडा व नावं कळवा.

खाली आकड्यासाठी एक रिकामा चौकोन. बाकी काही नाही. कुणाची सही नाही, पुढे काय होणार याचा शब्द नाही.

"हे कोण विचारतंय?" पोस्टबाईंनी विचारलं. "माणूस?"

"कळत नाही हल्ली."

"माझ्याबद्दल लिहिलंत ते ठीक. मी स्वतः सांगितलं. मास्तरांना मी विचारलेलं नाही."

"नाही लिहिलं तर परत विचारतील. लिहिलं तर..." परकारला पुढचं माहीत नव्हतं. चौदा गाड्या सील करायला येणारा ट्रक त्याच्या डोळ्यांसमोर आला. मग, का कोण जाणे, त्याच चौदा गाड्या आठवड्यातून एकदा या शेडमध्ये उभ्या दिसल्या, कुणाच्याही मागे नळी न लावता.

पोस्टबाई परत बसल्या. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. एक हात झाला, दुसरा झाला, परत पहिला. "माझ्यासकट चौदा," त्या म्हणाल्या. "पाकिटं तेराच पाठवली."

परकारने चौकोनात चौदा लिहिलं. बघितलं. चार खोडून पाच केलं.

पोस्टबाईंनी ते पाहिलं. त्या पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या, जिथे नावं लिहायची होती.

"परकार," त्या म्हणाल्या, "मोजायला आलेले लोक मी खूप बघितलेत. मोजून घेतात आणि जातात. हे मोजून झाल्यावर यांतलं कुणी येऊन शेजारी बसणार आहे का?"